दोन अँपिअर की पाच? मॉडेल रेल्वेसाठी डीसीसी निवडताना

आज थेट प्रश्नावरच येतो. एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. आठ बाय चारचा प्लायवूड, एचओ स्केल, दोन इंजिनं, दोन्ही साउंडवाली. तो विचारतोय, "दादा, दोन अँपिअरचा स्टार्टर सेट घेऊ की डायरेक्ट पाच अँपिअरचा? पैसे साठवलेत, एकदाच घेणारे."

एकदाच घेणार, म्हणजे नीट बोलायला हवं.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगतो. साध्या डीसीत रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त केलं की गाडीचा वेग बदलतो. डीसीसीत रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५, आणि त्याच करंटमधून हुकूम जातात. इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम ओळखतो. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेने १९९०च्या दशकात याचं स्टँडर्ड केलं. म्हणून एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिमवर चालतं.

आता हिशोब. हल्लीचं एचओ इंजिन सपाट रुळावर पाव ते अर्धा अँपिअर खातं. आपण अर्धा धरू. दोन इंजिनांचा झाला एक. एलईडीवाले सहा डबे, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ०.१२. सगळं मिळून सव्वाच्या आत. मग दोन अँपिअर पुरतात की! हो, आज पुरतात.

पण दोन गोष्टी. एक म्हणजे जुने बल्बवाले डबे. एक बल्ब ४० मिलिअँपिअरचा धरा, डब्यात दोन, दहा डबे. झाले ०.८. म्हणजे नुसत्या खिडक्या उजळायला दीड इंजिनाचा करंट! दुसरं, साउंड डिकोडरमधले कॅपॅसिटर. पॉवर ऑन केली की ते सगळे एकदम चार्ज व्हायला बघतात, त्या क्षणी करंट उसळतो, सिस्टिमला वाटतं शॉर्ट झाला आणि ती बंद पडते. लोक मग इंजिन खराब म्हणून दुकानात परत पाठवतात. इंजिनाचा काही दोष नसतो बिचाऱ्याच्या.

"मग पाचच घेतो ना, कटकट नको." थांब जरा. १५ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, ७५ वॉट झाले. आपला नेहमीचा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. डबा रुळावरून घसरला, चाक आडवं पडलं आणि सिस्टिम वेळेत ट्रिप झाली नाही, तर एवढी उष्णता त्या चाकापाशी जाते. प्लास्टिकची बोगी वितळते. एन स्केलवाल्यांनी तर दोन-तीनच्या वर जाऊच नये असं माझं मत.

वेळेत ट्रिप का होत नाही? बारीक वायर! लांबच्या टोकाला शॉर्ट झाला तरी वायरच्या आणि सैल जॉइनरच्या रेझिस्टन्समुळे करंट पाच अँपिअरपर्यंत पोचतच नाही. सिस्टिमला वाटतं, गाड्या चालल्यात मस्त. म्हणून बोर्डाखाली अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाका, घराच्या वायरिंगची चालते. तिथून दर मीटरभर अंतरावर रुळांना छोटे फीडर जोडा. मग एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. लगेच ट्रिप व्हायला हवं. बोर्डभर सगळीकडे ठेवून बघा. एका जागी जरी ट्रिप झालं नाही, तर तिथे आणखी फीडर द्या. ही टेस्ट पास झाल्याशिवाय महागडं इंजिन रुळावर ठेवू नका, प्लीज.

तर या मित्राला माझं उत्तर: तीन अँपिअरचं घे. डिजिट्रॅक्सचा झेफिर एक्स्प्रेस त्या वर्गातला आहे, रोकोचा पांढरा झेड२१ पण, आणि तो फोनवरून चालतो. बजेट ताणलं जात असेल तर एनसीईचा पॉवर कॅब. तो साधारण दोनचा, पण पुढे त्याला पाच अँपिअरचा बूस्टर जोडता येतो, हातातला कंट्रोलर तोच राहतो. वाढवता न येणारा दोनचा सेट मात्र नको, स्वस्त असला तरी.

आणि हो, अडॅप्टर बघा! सिस्टिम तीनची आणि अडॅप्टर एक अँपिअरचा, तर रुळाला एकच मिळणार. अमेरिकेतून काका-मामांकडून मागवत असाल तर अडॅप्टरवर इनपुट १००-२४० लिहिलंय का याचा फोटो आधी मागवा. नुसतं ११०-१२० असेल तर आपल्या २३०वर लावल्या लावल्या धूर.

पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून "मलाही एका वेळी इतक्या गाड्या पळवायच्यात" असं झालं असेल, तर एकच दांडगा बूस्टर शोधू नका. लेआउटचे भाग पाडा, सांध्यावर दोन्ही रूळ तोडून इन्सुलेटेड जॉइनर लावा आणि प्रत्येक भागाला वेगळा बूस्टर किंवा ब्रेकर द्या. यार्डात शॉर्ट झाला तरी मेन लाइन चालू राहते.

पॉइंट मोटर रुळाच्या करंटवर का चालवू नयेत, ते पुढच्या भागात. तोवर नाणं ठेवून बघा आणि कुठे अडलं ते व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू!