पेटीची किल्ली
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



‘मुलींच्या अंगी पुढारीपण कसे येईल’ असा भारदस्त विषय कार्यकारिणीने मला दिला आहे. त्यावर पंडिती बोलण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या कन्याविभागाची देखरेख तीन वर्षे माझ्याकडे आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक चूक तेवढी सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलींच्या सहलीसाठी आपण फराळाचा स्टॉल लावला होता. चकल्या तुम्ही तळल्या, लाडू मी वळले, गल्ल्यावरही मीच बसले. मुली नवे कपडे घालून उभ्या होत्या आणि पिशव्या पुढे करीत होत्या. साडेआठ हजार रुपये जमले. आपण एकमेकींचे कौतुक करून घेतले. पुढे एकीला मी सहज विचारले, “किलोभर चकलीला खर्च किती आला गं?” ती म्हणाली, “आईला विचारून सांगते.” मी खजील झाले. पैसा जमला होता, पण मुली होत्या तेथेच होत्या.

मग इतर ठिकाणी हे कसे चालते, ते वाचून काढले. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलावणे नसताना तेथे हजर झाल्या. त्यांचा हट्ट फुकट गेला नाही. १९१० साली गर्ल गाइड्सची वेगळी संस्था निघाली, आणि १९११ साली आपल्या देशात जबलपूरला पहिले पथक उभे राहिले. पुण्यातले ‘संगम’ हे या चळवळीचे जागतिक केंद्र १९६६ सालचे.

अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १९१२ साली सॅव्हाना गावी १८ मुलींना घेऊन हे काम सुरू केले. पाच वर्षांनी ओक्लाहोमातील मस्कोगी गावच्या मुलींनी कुकीज, म्हणजे गोड बिस्किटे, घरी भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली. आया मदतीला होत्या, पण सल्ल्यापुरत्या! १९२२ साली त्यांच्या मासिकात बिस्किटांची कृती छापून आली. तिच्याबरोबर हिशेबही होता: सहा-सात डझनांना खर्च २६ ते ३६ सेंट, विक्री डझनाला २५ ते ३० सेंट. मला तर कृतीपेक्षा हा हिशेबच अधिक मोलाचा वाटला. महायुद्धात पीठ, साखर, लोणी मिळेना, तेव्हा १९४४ साली त्या मुलींनी दिनदर्शिका विकल्या.

आपल्याकडे स्काउट-गाइडमध्ये याला ‘खरी कमाई’ म्हणतात. नाव किती नेमके आहे!

म्हणून गेल्या वर्षी मी मुलींना सांगितले, स्टॉल तुमचा, खजिनदारही तुमचीच. पहिला अर्धा तास नुसता गोंगाट झाला. शेवटी भेळ ठरली. कुरमुरे तीन दुकानांत भाव विचारून आणले. घरून आणलेल्या कांद्या-बटाट्यांचे पैसे धरायचे की नाही, यावर वाद झाला. मी म्हटले, राहू द्या. तेरा वर्षांची खजिनदार म्हणाली, “काकू, घरी तरी ते विकतच आणले होते ना?” पैसे ज्या त्या घरी पोचते झाले.

तीस रुपयांप्रमाणे शंभर प्लेटी गेल्या. विक्री ३,०००, खर्च १,६४०. पेटीत १,३६० हवे होते, निघाले १,२७०. तीनदा मोजले, नव्वद रुपयांचा मेळ बसेना. पोरीचा चेहरा उतरला. मला पाहवेना, मी पर्समधून नव्वद रुपये काढले. तिने हात मागे घेतला. “मग हिशेब खोटा होईल, काकू.” वहीत तिने लिहिले, ‘तूट ९० रुपये, कारण समजले नाही,’ आणि सर्व मुलींपुढे उभे राहून ते वाचून दाखवले. एरवी ही मुलगी पाहुण्यांपुढे नावसुद्धा मोठ्याने सांगत नसे.

आता थोडे अप्रिय बोलते. कन्याविभागाचे पैसे मंडळाच्या खात्यात जमा करावेत, अशी सूचना आज कार्यकारिणीपुढे आहे. मुली लहान, पैशाचे काम जोखमीचे, नव्वद रुपये गेलेच की नाही, असे म्हटले जाते. सूचना मायेपोटी आहे हे मी जाणते, तरीही माझा तिला विरोध आहे. दर तीन महिन्यांनी वही तपासा, चुका काढा, वाटल्यास रागवा. अंधार पडल्यावर वर्गणीसाठी कोणाच्या दारी पाठवू नका, हेही मला मान्य. परंतु पेटी आपण काढून घेतली, तर त्यांच्या हाती पुन्हा नुसत्या पिशव्याच उरतील. आपल्यापैकी कितीजणी लग्नानंतर प्रथमच बँकेची पायरी चढल्या, ते आठवून मत द्या.

या वर्षीच्या पैशातून सहल काढायची की आपल्या वाचनालयाला पंखा द्यायचा, याचा निर्णय मुली शनिवारी चार वाजता घेणार आहेत. मलाही बोलावले आहे. मात्र मला मत नाही, असे खजिनदाराने आधीच बजावले आहे.