अचानक झालंय की हळूहळू?

ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे, त्यांनी आजचा भाग ऐकाच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे काल चालणारी गोष्ट आज बंद पडली की पहिला प्रश्न असतो, मधे काय बदललं? म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडाला की घरच्यांनीही हेच विचारायचं असतं.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, बहुतेक वेळा महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. डेलिरियम मात्र काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो. सकाळी माणूस ठीक, रात्री भलतंच बरळतोय. जुनी माणसं याला 'वात झालाय' म्हणायची.

माझ्या आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री ती सलाईन ओढायला लागली, मला भावाच्या नावाने हाका मारायला लागली. वॉर्डात कुणीतरी म्हणालं, "वय झालंय, चालायचंच." आई ठामपणे म्हणाली, "परवापर्यंत त्या दुधाचा हिशेब ठेवत होत्या." त्यावर तपासण्या झाल्या. रक्तातलं सोडियम उतरलं होतं, लघवीत इन्फेक्शन होतं. उपचार सुरू झाले, आठवडाभरात आजी बरीच ताळ्यावर आली.

कारणं अशीच असतात: इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, साखर उतरणं, दुखणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, नवी गोळी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही होतं.

ओळखायचं कसं? १९९० साली डॉ. शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. त्यात आधी दोन गोष्टी बघतात: बदल अचानक आणि वरखाली होणारा आहे का, आणि लक्ष टिकतंय का. सोबत बोलण्यात असंबद्धपणा किंवा शुद्धीत फरक, यातलं एक तरी हवं. लक्ष बघायला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगता येतात.

आणि डेलिरियम म्हणजे आरडाओरडाच असं नाही. काही जण एकदम गप्प होतात, दिवसभर पेंगतात. "शांत झोपलेत" म्हणून ते सुटून जातं. आधीच स्मृतिभ्रंश असेल तर धोका जास्तच. म्हणून अचानक बिघडलं तर "तेच वाढलं असेल" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर थेट इमर्जन्सीत.

जवळ ओळखीचं माणूस बसू द्या. चष्मा, कानाचं मशीन लावा. दिवसा उजेड, रात्री शांतता ठेवा. डॉक्टर हो म्हणाले की पाणी पाजा, चालवा. वाद घालू नका, हात बांधू नका, मनाने झोपेची गोळी देऊ नका. पूर्ण सावरायला कधी काही आठवडे लागतात, आणि काही जण पूर्ण सावरत नाहीत. म्हणून नंतर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या.

एक काम आजच करा. आजी-आजोबा सध्या काय काय स्वतः करतात आणि कुठल्या गोळ्या घेतात, ते फोनमध्ये लिहून ठेवा. डॉक्टर त्यांना पहिल्यांदाच बघत असतात; ते कालपर्यंत कसे होते, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.