बालकांचा अतिसार आणि तोंडावाटे द्यावयाची लस
(वार्षिक संमेलनातील भाषण)



माझी धाकटी बहीण दहा महिन्यांची असता अतिसाराने गेली. जुलाबात पाणी पाजू नये, असा त्या काळी घरोघर समज होता. तोच तिच्या जिवावर बेतला.

बालकांच्या तीव्र अतिसाराचे एक मोठे कारण म्हणजे रोटाव्हायरस हा विषाणू. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. तो श्रीमंतांच्या घरीही शिरतो. परंतु मृत्यू ओढवतात ते मुख्यतः गरीब देशांत, कारण तेथे उपचार वेळेवर पोहोचत नाहीत.

परदेशी लस महाग होती. १९८०च्या दशकात दिल्लीतील काही नवजात बालकांच्या शरीरात हा विषाणू असूनही ती आजारी नव्हती, असे डॉ. महाराज किशन भान यांना दिसले. त्याच विषाणूपासून पुढे हैदराबादेत लस सिद्ध झाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांच्या साहाय्याने तिची परीक्षा झाली आणि २०१६ साली ती सरकारी लसीकरणात आली.

ही लस अभेद्य कवच नव्हे. त्या परीक्षेत पहिल्या वर्षी तीव्र आजार निम्म्याहून थोडा अधिक टळला. म्हणून मातांना माझी दुहेरी विनंती आहे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांचे डोस चुकवू नका. आणि जुलाब झालेच, तर अंगावरचे दूध न तोडता क्षारसंजीवनी पाजत राहा व डॉक्टरांना दाखवा. माझ्या मातेला हे सांगणारे कोणी नव्हते.