आपलं राज्य कोणतं?

आज मी तुम्हाला आमच्या घरातल्या एका लाल शेऱ्याची गोष्ट सांगणार आहे.

माझी लेक दहा वर्षांची. जन्म इथलाच, मनामाचा. शुक्रवारच्या मराठी वर्गात तिला निबंध दिला होता, 'माझे राज्य'. तिनं मन लावून दीड पान लिहिलं. आमच्या राज्यात राजा आहे, चारी बाजूंनी समुद्र आहे, पूर्वी इथे समुद्रातून मोती काढायचे, मग १९३२ मध्ये तेल सापडलं, आणि मुहर्रकच्या जुन्या बाजारात हलवा फार छान मिळतो. निबंध परत आला तेव्हा खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'विषय चुकला. महाराष्ट्रावर लिहायचे होते.'

घरी येऊन ती काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "आई, राज्य म्हणजे जिथे राजा असतो ते ना?"

मी बाईंचीच बाजू घेतली. म्हटलं, "अगं, राज्य म्हणजे स्टेट."

"मग किंगडमला मराठीत काय म्हणतात?"

"राज्य," मी म्हणाले, आणि घास हातातच राहिला.

माझं काम संगणकप्रणालीचं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'देश' आणि 'राज्य' असे दोन रकाने असतात, आणि बहारीनचा पत्ता भरताना दुसऱ्यात काय लिहावं हे कुणालाच कळत नाही. बहुतेक जण पुन्हा बहारीनच लिहितात. मी स्वतः असे फॉर्म मंजूर केले आहेत. त्या रकान्याचा गोंधळ आपल्या भाषेतही आहे, हे मात्र लेकीनं दाखवलं.

मग मी जरा शोधायला बसले. आधी आपण राहतो त्या देशाचंच नाव घ्या. २००२ पर्यंत बहारीनच्या अरबी नावात 'दौलत' होतं. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला इथल्या अमिरांनी राजा ही पदवी घेतली आणि 'दौलत'ची 'ममलकत' झाली, म्हणजे राजाचं राज्य. कुवेत आणि कतार अजून 'दौलत'च आहेत. आता दौलत म्हटलं की आपल्याला पैसाअडका आठवतो. पण पेशवाईतली पत्रं पाहिलीत तर तिथे दौलत म्हणजे सरळ राज्य, राज्याचा कारभार. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी शंभर वर्षांनी पेशव्यांच्या दफ्तरात दौलत आहेच. शब्द हुकुमानं जात नाहीत. 'ममलकत' आपल्याला परका वाटतो, पण आपला मुलूख आणि मालक त्याच घरातले. (मामलेदार मात्र नाही. मलाही तसं वाटलं होतं, पण तो वेगळ्या धातूचा निघाला.)

आणि 'शाही'? आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही. शाही म्हणजे शहाची सत्ता. तिच्यापुढे आपण 'लोक' जोडला आणि लोकशाही केली. लेकीला हे फार आवडलं. म्हणाली, म्हणजे सगळेच शहा. मी म्हटलं, निदान मतदानाच्या दिवशी तरी!

पण मला खरं अडवलं ते 'संस्थान' या शब्दानं. माझे आजोबा मंगळवेढ्याचे, १९३१ चा जन्म. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'संस्थान सांगली' असं होतं. आज मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आहे, सांगली तिथून चांगली लांब. पण तेव्हा ते गाव पटवर्धनांच्या राज्यातलं, आणि शेजारचं पंढरपूर इंग्रजांच्या मुलखात. आजोबा सांगायचे की विठोबाला जायचं तर 'खालसात' जायचं. खालसा म्हणजे इंग्रजी हद्द. वारीला निघालेला माणूस वाटेत राजा बदलायचा.

८ मार्च १९४८ ला सांगली आणि दक्षिणेतली इतर बरीच संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर पुढच्या वर्षी. मग १९५० मध्ये प्रांताचं मुंबई राज्य झालं, १९५६ मध्ये द्विभाषिक, १९६० मध्ये महाराष्ट्र. आजोबांनी घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, आणि तरी इतक्या ठिकाणी राहिले. राजे गेले, पण 'राज्य' हा शब्द आपण ठेवून घेतला आणि राजा नसलेल्या प्रदेशाला दिला. तिकडे राजाला झुगारून देणाऱ्या अमेरिकेला मराठी माणसानं नाव दिलं 'संयुक्त संस्थाने'. न्यू जर्सीतला माझा मामेभाऊ यावर अजून हसतो.

आता एक गंमत सांगते. राज्याचे इतके सगळे प्रकार तुम्ही दर गणपतीत टाळ वाजवून झाल्यावर, हातात फूल घेऊन म्हणता. मंत्रपुष्पांजली! साम्राज्य, भौज्य, वैराज्य, पारमेष्ठ्य. लहानपणी मला वाटायचं, ही देवाची नावं आहेत. ऐतरेय ब्राह्मणात इंद्राच्या महाभिषेकाच्या प्रसंगी हे शब्द येतात आणि तिथे त्यांना दिशा आहेत. पूर्वेकडच्या राजांना साम्राज्याचा अभिषेक, ते सम्राट. दक्षिणेकडे भौज्य, तिथले राजे भोज. पश्चिमेला स्वाराज्य. मध्ये कुरू-पांचालांकडे साधं राज्य, आणि तिथला तो नुसता राजा. उत्तरेला हिमालयापलीकडे वैराज्य. इथे ग्रंथ राजांचा अभिषेक म्हणत नाही, जनपदांचा म्हणतो. त्यावरून काही अभ्यासकांनी वैराज्य म्हणजे राजा नसलेली व्यवस्था असा अर्थ लावला. सगळ्यांना तो पटलेला नाही. मला पटावासा वाटतो, हे कबूल करते.

म्हणजे एकेका दिशेला सत्तेचा वेगळा शब्द होता, आणि नंतर आपण ते सगळे एकाच अर्थाचे करून टाकले. परीक्षेत समानार्थी म्हणून लिहिले तर गुणही मिळतील.

हे सगळं मी लेकीला सांगत होते आणि ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न वेगळाच होता. "बाई म्हणतात माझं राज्य महाराष्ट्र. मी तिथे फक्त मे महिन्यात जाते. इथे मी रोज असते, पण बाबा म्हणतात इथे आपण व्हिसावर आहोत. मग माझं कुठलं?"

मंडळी, याला माझ्याकडे शब्दकोश नव्हता. मी गप्प राहिले. तुमच्यापैकी कितीतरी घरांत हा प्रश्न असाच ताटावर येऊन बसला असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगलीला माझ्या बाबांना फोन लावला. बराच वेळ बोलत होते दोघं. मग तिनं निबंध पुन्हा लिहायला घेतला. पहिल्या दीड पानाला तिनं हात लावला नाही. खाली जोडलं, 'माझे पणजोबा सांगली संस्थानात जन्मले. माझे आजोबा मुंबई राज्यात जन्मले. माझी आई महाराष्ट्र राज्यात जन्मली. मी बहारीनच्या राज्यात जन्मले. आमच्या घरात चार राज्ये आहेत. बाईंनी एक निवडायला सांगितले आहे, म्हणून मी मंगळवेढ्याच्या ज्वारीवर लिहिते.'

आणि पुढे पाऊणभर पान ज्वारीवर. तिनं मंगळवेढा पाहिलेलं नाही. माझ्या बाबांनी फोनवर सांगितलं तेवढंच. बाईंना वही दिली आहे, अजून परत आलेली नाही.