रियाजाची मधली वर्षे
(संगीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीविषयी सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



एखाद्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा मागील कार्याची अनुमोदना करावी आणि पुढील कार्याचा संकल्प सोडावा, अशी आपल्याकडील रीत आहे. आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान या चार दानांपैकी ज्ञानदानाकडे जैन समाजाने सदैव आदराने पाहिले. गावोगावची जैन बोर्डिंगे, पाठशाळा, ग्रंथभांडारे आणि अभियांत्रिकी-वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मदत ही त्याचीच फळे होत. मात्र ज्ञानदानाच्या या यादीत एक विद्या सहसा आढळत नाही. ती म्हणजे संगीतविद्या. गाणे शिकणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते, शाल-श्रीफळ मिळते, टाळ्याही मिळतात. परंतु त्याचे शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून दरमहा ठरलेली रक्कम देणारे हात फार थोडे असतात. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे. वीतरागाच्या उपासकांनी रागदारीची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. भगवान ऋषभदेवांनी लोकांना ज्या कला शिकविल्या असे शास्त्रे सांगतात, त्यांत गीत, नृत्य आणि वाद्य यांचा समावेश आहे. तीर्थंकरांची देशना मालकंस रागात होत असे, अशी श्रद्धा श्वेतांबर परंपरेत आजही बाळगली जाते. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या पार्श्वदेव या जैन आचार्यांचा ‘संगीतसमयसार’ आणि वाचनाचार्य सुधाकलश यांनी १३५० साली रचलेला ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे ग्रंथ संगीतशास्त्राचे अभ्यासक आजही प्रमाण म्हणून अभ्यासतात. ज्या परंपरेने संगीताचे शास्त्र लिहून ठेवले, तिला ते शिकणाऱ्याचा भार परका वाटण्याचे कारण नाही.

आता मूळ विषयाकडे वळावे. शास्त्रीय संगीताचे शिक्षण इतर शिक्षणाहून एका बाबतीत वेगळे आहे. शाळेत इयत्ता असतात, महाविद्यालयात पदवी असते आणि दर वर्षाअखेर हाती काही कागद पडतो. संगीतातही परीक्षा आहेत, परंतु परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि मैफल उभी करू शकणारा कलावंत यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर असते. या मधल्या वर्षांत दाखविण्यासारखे काहीच नसते. पहाटे खर्जाची साधना, एकाच रागात महिनोन्‌महिने फिरणे, गुरूंच्या मागे बसून तंबोरा धरणे, असाच दिनक्रम असतो. मुलगा असेल तर साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. कालपर्यंत आंतरशालेय स्पर्धेत पहिला येणारा मुलगा अकस्मात बेसूर वाटू लागतो आणि त्याचे कौतुक थांबते. थोडे पुढे दहावी-बारावीचे वर्ष येते, घरचा खर्च वाढतो, वडील थकतात. मुलगी असेल तर विवाहाची चर्चा सुरू होते. “गाणे काय, नंतरही शिकता येईल,” हे वाक्य याच वयात घराघरांतून उच्चारले जाते. गळ्यात गुण नव्हता म्हणून गाणे सुटले, अशी मुले थोडी. या वर्षांत कोणी सांभाळले नाही म्हणून सुटले, अशी पुष्कळ.

ज्यांना अशा वर्षांत कोणी सांभाळले, त्यांचे काय झाले हेही पाहणे उद्बोधक ठरेल. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांचा जन्म १८९७ साली खंभातजवळच्या जहाज या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती आणि लहानपणीच त्यांना मिळेल ते काम करून पोट भरावे लागले. भरूचचे एक धनिक पारशी गृहस्थ, शापुरजी मंचेरजी डुंगाजी, यांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि १९०९ च्या सुमारास त्याला व त्याच्या धाकट्या भावाला मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात शिकण्यासाठी आर्थिक आधार दिला. शेठजींनी त्या मुलाला एका रात्रीची बिदागी देऊन परत पाठविले असते, तरी लोकांनी त्यांची वाहवाच केली असती. त्यांनी त्याचे शिक्षण पत्करले. १९१६ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आपल्या लाहोर येथील विद्यालयाची धुरा याच शिष्याकडे सोपविली, आणि १९५० साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले. हे शेठजी गवई नव्हते आणि त्या मुलाच्या जातीचे वा धर्माचेही नव्हते.

स्वतः पलुसकरांचे चरित्र आपल्या भागाला अधिक जवळचे आहे. १८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मलेल्या या मुलाची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. नेहमीचे शिक्षण अशक्य झाल्यावर मिरज येथे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे संगीतशिक्षण सुरू झाले आणि मिरज संस्थानाने त्याचा भार उचलला. राजाश्रयाने शिकलेल्या या शिष्याने पुढे एक नवा मार्ग काढला. १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते एका राजाच्या तिजोरीवर अवलंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालविले. गरीब पण होतकरू मुलांना ते आश्रमात ठेवून घेत. त्यांचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण विद्यालयाकडे असे, आणि मुलांनी ठरावीक वर्षे मन लावून शिकावे, मध्येच सोडून जाऊ नये, अशी अट असे. आज ज्याला शिष्यवृत्ती म्हणतात, तिचेच हे रूप होते.

या चरित्रातील एक घटना ट्रस्ट चालविणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. १९०८ साली महाविद्यालय मुंबईत आले आणि पुढे तेथे कर्ज काढून स्वतःची भव्य वास्तू उभारण्यात आली. कर्ज फिटले नाही आणि ती वास्तू लिलावात गेली. १९३१ साली पलुसकरांचे मिरजेत निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावे वास्तू उरली नव्हती. उरले होते ते शिष्य. पंडित विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ सालीच मुंबईत संगीतशाळा उघडली होती. कुमार गंधर्व बालवयात तेथेच शिकले. आज देशभर परीक्षा घेणारे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळही गुरूंच्या निधनानंतर याच शिष्यांनी उभे केले. दगड-विटांत घातलेले धन लिलावात गेले. विद्यार्थ्यांवर खर्च केलेल्या धनाचा लाभ समाजाला आजही मिळत आहे.

व्यापारी वर्गाने हे काम पूर्वी केलेच नाही, असेही नाही. सूरश्री केसरबाई केरकर यांना उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची तालीम १९२१ सालापासून नियमित मिळू लागली, त्यामागे मुंबईचे शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांचा पुढाकार व आधार होता. त्या तालमीतून घडलेल्या आवाजातील भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविण्यात आली. उद्योगक्षेत्राचे उदाहरण म्हणजे कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी. तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात आणि शिष्याला शिक्षणकाळात निर्वाहाची चिंता नसते. उस्ताद निसार हुसेन खाँ १९८० साली तेथे गुरू म्हणून गेले, तेव्हा त्यांच्यासोबत किशोरवयीन राशिद खाँही गेले. २०२४ च्या जानेवारीत राशिद खाँ यांचे निधन झाले, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. त्या गायकाच्या घडणीची वर्षे एका शिष्यवृत्तीने निश्चिंत केली होती.

शासनही या क्षेत्रात काही करीत आले आहे. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राच्या प्रतिभाशोध योजनेत १० ते १४ वर्षे वयोगटातील मुलांची निवड होते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठीच्या योजनेत १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना प्रगत शिक्षणासाठी दोन वर्षे शिष्यवृत्ती मिळते आणि तिची रक्कम अनेक वर्षे दरमहा ५,००० रुपये राहिली आहे. समाजातील पालकांनी या योजनांची माहिती अवश्य घ्यावी. तथापि बालवयात ज्यांची निवड हुकली, त्यांना अठराव्या वर्षापर्यंत विचारणारे कोणी नसते. आणि दोन वर्षांत रागविद्या पुरी होत नाही, हे कोणताही गुरू सांगेल. स्थानिक ट्रस्टचे स्थान नेमके येथे आहे.

आता आपल्याच व्यवहाराकडे थोडे पाहावे. प्रतिष्ठा-महोत्सव, पूजन, भक्तिसंध्या यांसाठी समाज बाहेरगावाहून नामवंत संगीतकार बोलावितो, त्यांना योग्य तो मानही देतो, आणि ते उचितच आहे. भावनेच्या रात्री सुस्वर स्तवनाने देरासर भरून जाते तेव्हा डोळे पाणावतात, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु तो स्वर ज्या वर्षांत तयार झाला, त्या वर्षांचा खर्च कोणी केला, हा विचार मनात येत नाही. एका रात्रीच्या गाण्यासाठी सहज पुढे होणारा हात बारा महिन्यांच्या रियाजासाठी मात्र आखडतो. फळ सर्वांना हवे असते. रोपाला पाणी घालण्याची पाळी कोणाची, ते ठरलेले नसते.

हिशेबाची भाषा या सभेला परिचित आहे, म्हणून हिशेबही मांडावा. एका विद्यार्थ्याला दरमहा ५,००० रुपये द्यावयाचे तर वर्षाला ६०,००० आणि चार वर्षांत २,४०,००० रुपये लागतात. व्याजाचा दर ६ टक्के धरला तर साडेबारा लाखांच्या कायम ठेवीवर वर्षाला ७५,००० रुपये येतील. त्यांपैकी ६०,००० विद्यार्थ्याला द्यावेत आणि १५,००० पुन्हा ठेवीत जमा करावेत, म्हणजे महागाईची झळ मुद्दलाला थोडी कमी लागेल. मुद्दल अक्षय राहील आणि एका विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण झाले की दुसऱ्याची पाळी येईल. अनेक कुटुंबांनी मिळून एक ठेव उभी केली, तर ती कोणालाच जड जाणार नाही.

रक्कम देण्याइतकीच ती देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. त्या दृष्टीने काही सूचना विचारार्थ ठेवण्यासारख्या आहेत. निवड शक्यतो १५ ते १८ या वयात व्हावी आणि आधार किमान चार वर्षांचा असावा. निवड करताना स्पर्धांतील ढाली मोजू नयेत. दोन जाणकारांनी विद्यार्थ्याला शांतपणे ऐकावे आणि त्याच्या गुरूंचे मत घ्यावे. दर वर्षी प्रगती पाहावी, परंतु ज्या वर्षी आवाज फुटला वा प्रकृती बिघडली, त्या वर्षी रक्कम थांबवू नये, कारण त्याच वर्षी आधाराची खरी गरज असते. केवळ गायकच नव्हे, तर तबला, संवादिनी, सारंगी शिकणाऱ्यांचाही विचार व्हावा. साथीदारावाचून मैफल होत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या भागाला भूषणावह गोष्ट आहे. त्या कारागिरांकडे वाद्यनिर्मिती शिकणारा होतकरू मुलगा आढळला, तर तोही पात्र मानावा. मुलींसाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात. आणि विद्येला पंथ वा धर्म नसतो, म्हणून साधर्मिकांबरोबर इतर समाजांतील गरजू मुलांनाही दार मोकळे असावे.

अखेरची सूचना स्वाभिमानाविषयी आहे. पलुसकरांविषयी एक आठवण सांगितली जाते. मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते ‘केवळ गवई’ होते. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली आणि गवयाला समाजात मान मिळवून देण्याचा निश्चय त्यातून दृढ झाला. शिष्यवृत्ती देणाऱ्याने हे विसरू नये. मदत घेणाऱ्या मुलाला प्रत्येक कार्यक्रमात व्यासपीठावर उभे करून त्याच्या घरच्या गरिबीचे वर्णन करू नये. रक्कम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याच्या खात्यात जमा व्हावी, त्यासाठी त्याला कोणाच्या दुकानाची वा कार्यालयाची पायरी झिजवावी लागू नये. गुप्तदानाचा महिमा आपल्या धर्माने सांगितला आहे, तो येथे आचरणात यावा.

कोणी विचारील की शिष्यवृत्ती घेतलेला प्रत्येक विद्यार्थी ओंकारनाथ वा केसरबाई होईल काय? होणार नाही. बहुतेक मुले चांगले शिक्षक होतील, साथीदार होतील, काही पाठशाळेतील बालकांना स्वरात स्तवन शिकवतील आणि काही नोकरी-व्यवसाय करून जाणते श्रोते होतील. भरूचच्या शेठजींनाही तो मुलगा पुढे कोण होणार हे ठाऊक नव्हते. फळाची हमी मागून दिलेले ते दान नव्हते, म्हणूनच ते ज्ञानदान ठरले.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळाने असा एक निधी सुरू करावा, प्रारंभी एकाच विद्यार्थ्यापासून करावा, परंतु एकदा हाती घेतलेल्या मुलाचे शिक्षण मध्येच सोडू नये, एवढीच या सभेपुढे नम्र विनंती आहे. शास्त्राज्ञेच्या विपरीत काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.