डोळे असून आंधळा?

मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. ग्रीनलंड शार्क डोळे असून आंधळा आणि कॅरिबियन समुद्रातला ओफिओकोमा वेंड्टी डोळे नसून डोळस, ही जोडी मी वर्गात रंगवून सांगायचो.

हा शार्क उत्तरेच्या बर्फगार पाण्यातला. अनेकांच्या डोळ्यांना एक परजीवी चिकटून लोंबत असतो. २०१६ साली डोळ्यांतल्या भिंगावरून वय काढले, तेव्हा सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची असावी असे निघाले. एवढे आयुष्य अंधारात! मला तिची कीव आली.

ओफिओकोमा हा ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचा चुलतभाऊच. मधे चकती, भोवती पाच सळसळते हात. हात तुटला तर नवा फुटतो. त्याच्या अंगावरचे कॅल्साइटचे कण म्हणजे सूक्ष्म भिंगे, असे २००१ साली 'नेचर'मध्ये आले. मला तर घबाडच मिळाले.

२०१८ साली कळले, की प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या भिंगांखाली नाहीतच. त्या भिंगांच्या मधल्या कातडीत आहेत. दिवसा अंग गडद तांबूस होते. ते रंगद्रव्य बाजूचा उजेड अडवते, म्हणून सावलीची दिशा त्याला उमगते. रात्री रंग फिकटतो आणि ही दृष्टीही जाते.

अलीकडे शार्कचे नेत्रपटल तपासले. तेही शाबूत, अंधुक उजेड टिपणारे निघाले!

जुने विद्यार्थी भेटले, की मी ही दुरुस्ती सांगतो. परवा एक जण, आता स्वतः शिक्षक झालेला, म्हणाला, "सर, मी अजून तुमच्याच वहीवरून शिकवतो."