झाड पडण्याआधी



वसंत ऋतूत झाडांवर व्याख्यान म्हटल्यावर आपण मोहोर, पालवी, कोकिळा ऐकण्याच्या तयारीने आला असाल. मी पडलो कामगार चळवळीतला माणूस. मला झाडाखालून जाणारा माणूस आधी दिसतो, आणि कोयता घेऊन झाडावर चढलेला त्याच्याही आधी. पावसाळा तोंडावर आला असताना माझा प्रश्न एवढाच आहे, की पालघर नगरपरिषदेत किंवा बोईसर-तारापूरकडील ग्रामपंचायतींत झाडाचा धोका ओळखणारा, ते रीतसर छाटणारा आणि अपघात झाल्यास कागद नीट ठेवणारा नोकर आपण शिकवून तयार केला आहे काय?

17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा किती झाडे आडवी झाली हे आपण पाहिले आहे. वादळाला कोणी नोटीस बजावू शकत नाही हे खरे. पण पडलेल्या प्रत्येक झाडाचे खापर वादळावर फोडणेही खरे नव्हे.

येथे दोन खटले सांगण्याजोगे आहेत. 1964 साली दिल्लीत दुचाकीवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी कोसळली आणि तो दगावला. झाड वठलेले होते. ते वेळीच काढणे हे महापालिकेचे कर्तव्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मात्र हा निकाल लागला 1999 साली. म्हणजे त्या घराने 35 वर्षे वाट पाहिली! दुसरा खटला राजकोटचा. 1975 साली पायी जाणाऱ्या एका कारकुनावर झाड पडले. तेथे 1997 साली त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले नाही. झाड सडले आहे हे पालिकेला ठाऊक होते, असे पुराव्यात आले नव्हते.

यावरून एखादा चतुर अधिकारी म्हणेल, मग तपासणीच कशाला करा? पाहिले नाही म्हणजे ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणजे देणे नाही! ही चतुराई दिल्लीच्या निकालापुढे टिकत नाही. वठलेले झाड भर रस्त्यात उभे असते, ते जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांना दिसते. ते मला दिसले नाही, असे पालिकेने कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता शिकवायचे काय? बुंध्याशी भूछत्रे उगवली असतील तर आत कूज आहे असे समजावे. लाकडी हातोड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. झाड नव्याने कलले आहे काय, मुळांजवळची माती उचलली गेली आहे काय, बेचक्यात चीर पडली आहे काय, हे पाहावे. गुलमोहोर दिसायला देखणा, पण त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. त्यातून आपण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, गटारासाठी एका अंगाची मुळे तोडतो, आणि विजेच्या तारांसाठी त्याच अंगाच्या फांद्या उतरवून सगळा भार दुसऱ्या अंगाला ठेवतो. मग दोष वाऱ्याला! 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत बुंध्याभोवती 1 मीटर जागा मोकळी करावयास सांगितले होते. आपल्या गावाला तेवढे करण्यास कोणाची हरकत आहे?

छाटणीचेही तसेच. मोठी फांदी आधी खालून चिरावी, मग थोडे पुढे वरून कापावी, आणि उरलेला खुंट फुगीर गळ्याबाहेरून काढावा. एकाच घावात तोडली तर ती खोडाची साल सोलून नेते आणि तेथून कूज शिरते. शेंडाच उडविणे ही छाटणी नव्हे, ती झाडाची विटंबना आहे. भीतीपोटी चांगली झाडे सरसकट तोडण्याचाही मी विरोधक आहे. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा नगरपरिषदांना लागू आहे आणि वृक्षगणना हे वृक्ष प्राधिकरणाचे कामच आहे. त्या गणनेच्या वहीत झाडाच्या प्रकृतीचा रकाना घाला, म्हणजे अर्धे काम झाले.

बोईसरला आणखी एक घोटाळा आहे. एक झाड ग्रामपंचायतीचे, पलीकडचे औद्योगिक विकास महामंडळाचे, रस्त्यालगतचे बांधकाम खात्याचे. तक्रारदाराचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो आणि झाड जागच्या जागी कुजते. म्हणून अर्ज घेणाऱ्या कारकुनाला शिकवावे, की झाड कोणाचेही असो, तारीख टाकून पोच द्यावी, त्याच दिवशी योग्य खात्याला लेखी कळवावे आणि जावक क्रमांक नोंदवावा. अपघात झाल्यावर लाकूड उचलण्याआधी बुंध्याची आणि मुळांची छायाचित्रे घ्यावीत. ओंडके वखारीत गेल्यावर झाड सडके होते की धडधाकट, हे सांगणार कोण? नुकसान झालेल्याला दाव्यासाठी आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याला बचावासाठी तोच पुरावा लागतो. चौकशीत खालच्या मुकादमाचा बळी जातो, तो बहुधा असा कागद नसल्यामुळेच.

आणि जो प्रत्यक्ष चढतो तो तर पुष्कळदा पालिकेच्या हजेरीपटावरही नसतो, तो ठेकेदाराचा रोजंदारीवाला. याच मुलुखात 1945-46 साली वारली मजूर गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या दरासाठी उभे राहिले. त्यांच्या नातवंडांना झाडाचा स्वभाव कोणी शिकवायला नको. त्यांना हवा आहे कमरेला दोर, डोक्याला टोप, आणि चढण्यापूर्वी तारेतला प्रवाह बंद झाल्याची महावितरणकडून लेखी खात्री. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात 1923 साली आला. ठेक्याच्या करारात मात्र ती जबाबदारी कोणाची हे आजही स्पष्ट लिहून घ्यावे लागते.

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये दोन दिवसांचा वर्ग, सभागृहात नव्हे, रस्त्यावरच्या झाडांखाली. त्यात कारकून, मुकादम आणि ठेक्यावरचे मजूर एकत्र बसावेत, आणि त्या दोन दिवसांचा मजुरांचा रोज कापू नये.